दिलीप प्रभावळकर आणि त्यांनी उभे केलेले म्हातारे

रातकिडा

परवा आईबरोबर 'दशावतार' हा चित्रपट पाहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये लागला तेव्हा जमलं नव्हतं, आता घरी बसून पाहिला. साधारण अर्ध्या तासानं आईनं हळूच विचारलं, "हा आपला चिमणराव ना रे?"

मी म्हटलं, "हो. आणि टिपरेआजोबा पण हेच."

"छे," ती म्हणाली. "ते वेगळे."

मी समजावलं, नाव सांगितलं. तिला नाव माहीत होतंच. टिपरेआजोबांचं काम प्रभावळकरांनी केलं हेही माहीत होतं. पण चिमणराव आणि टिपरे हे एकाच माणसाचे दोन चेहरे आहेत, हे काही तिच्या मनाला पटत नव्हतं. रात्रभर मी त्याच विचारात होतो. नटाला याहून मोठी दाद काय असणार?

मग सहज वयांचा हिशेब मांडला. प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिमणराव केला तेव्हा ते पस्तिशीच्या आसपास, आणि चिमणराव बायकामुलांचा, आई-बहिणीचा मोठा संसार ओढणारा गृहस्थ. 'हसवाफसवी' नाटकातले कृष्णराव हेरंबकर, संगीत नाटकांच्या काळातले थकलेले नट, त्यांनी उभे केले तेव्हा स्वतः पन्नाशीच्या अलीकडेच होते. २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली तेव्हा ५७ वर्षांचे, आणि आबा टिपरे नातवंडं कॉलेजात जाणारे आजोबा. २००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी. आणि आता ८१ व्या वर्षी कोकणातला वय झालेला दशावतारी कलावंत.

म्हणजे वय त्यांच्या मागून आलं. ते आधीच तिथे जाऊन बसले होते.

बहुतेक नटांचं उलटं होतं. तारुण्यात नायक, मग मोठा भाऊ, मग वडील, मग नुसतं भिंतीवरच्या फोटोसारखं एखादं आजोबांचं काम. वय वाढेल तशी भूमिका आखडत जाते. यांचं वय वाढत गेलं तशी जागा मोठी होत गेली. हे कसं जमलं असेल यावर जाणकारांनी लिहावं म्हणून हा धागा. आणि प्रत्येकानं हेही सांगा, तुम्ही त्यांचा कोणता माणूस पहिल्यांदा पाहिलात?

चाळकरी

पहिला अर्थातच चिमणराव. आमच्या मजल्यावर एकाच घरी टीव्ही होता. त्या घरातल्या काकू दार उघडं ठेवायच्या आणि आम्ही पोरं उंबऱ्यापासून थेट टीव्हीच्या पायांपर्यंत मांडी घालून बसायचो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, त्यामुळे माध्यमच नवीन होतं. चित्र काळंपांढरं. ॲन्टेना हलली की चिमणराव वाकडा व्हायचा.

एक गोष्ट मोठेपणी लक्षात आली, ती सांगतो. मालिका ज्यांवरून झाली त्या चिं. वि. जोशींच्या कथा चिमणराव स्वतःच सांगतो. 'मी असा दिसतो, माझा आवाज असा' असं कोणी स्वतःबद्दल सांगत बसत नाही. त्यामुळे त्याचा जोडीदार गुंड्याभाऊ वाचकाला दिसतो, बायको काऊ दिसते, पण चिमणराव कसा दिसतो याचा पुस्तकातून फार थांग लागत नाही. तो फक्त त्याच्या बोलण्यातून कळतो. प्रभावळकरांनी त्या बोलण्यावरून माणूस घडवला. तो बारीक, घाबरट, जरा नाकातून येणारा आवाज, आणि धाडसाचं बोलताना अंग मागे घेण्याची तऱ्हा. आज मी पुस्तक उघडलं तर तोच आवाज कानात येतो. पुस्तक आधीचं, आवाज नंतरचा, आणि तरी आता दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

मालिका दिग्दर्शित केली विजया जोगळेकर-धुमाळे यांनी, हे नाव या चर्चेत राहायला नको. आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे. ते ऑगस्ट २०२५ मध्ये गेले, 'दशावतार' लागायच्या थोडंसंच आधी. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा चिमणराव एकटा पडलेला दिसला. दुसरं काही सुचलंच नाही.

जास्वंद

माझी पहिली ओळख चेटकीण! रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या'. मला स्वतःला तो प्रयोग पाहायला मिळाला नाही, पण मोठ्या बहिणीनं पाहिला होता आणि ती घरी येऊन मला चेटकिणीची नक्कल करून घाबरवायची. म्हणजे मी प्रभावळकरांना त्यांच्या नकलेतून आधी ओळखलं. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरांनी हे नाटक पुन्हा आणलं, वैभव मांगले चेटकीण झाले, तेव्हा माझ्या मुलीला घेऊन गेले. ती खुर्चीत उभी राहून किंचाळत होती आणि मला बहीण आठवत होती.

'झपाटलेला' चित्रपटातला तात्या विंचू पण तेच हे मला खूप उशिरा कळलं. बाहुलीची भीती वाटायची, माणसाकडे लक्षच गेलं नव्हतं.

विंगेतून

रातकिडा, 'कसं जमलं असेल' विचारलंत म्हणून जरा लांब लिहितो. मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं घालवली, बहुतेक वेळ रंगभूषा आणि कपडेपट सांभाळण्यात.

'हसवाफसवी' मी शिवाजी मंदिरला पाहिलं. नाटक त्यांनी स्वतः लिहिलेलं, दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णींचं, आणि त्यात सहा भूमिका एकटे प्रभावळकर करत. प्रेक्षक सहा माणसं बघतात. मी मात्र पूर्ण वेळ दोन भूमिकांच्या मधला वेळ मोजत होतो. एक माणूस आत गेला की रंगमंचावर बाकीचे काय बोलतात, किती वेळ बोलतात, ते कसं लिहिलंय. कारण तेवढ्या वेळात विंगेत काय चालतं ते मला माहीत आहे.

आम्ही राज्य नाट्य स्पर्धेला एक नाटक केलं होतं. त्यात एकाच नटाला दोन भूमिका, दुसरी म्हाताऱ्याची. मधे मोजून दीड मिनिट. विंगेत अंधार, एका हातात बॅटरी. एकानं सदरा ओढून काढायचा, दुसऱ्यानं कोट घालायचा, आणि मी मिशी लावायची. मिशी स्पिरिट गमवर बसते, पण ओठाच्या वर घाम असेल तर गम धरत नाही, म्हणून आधी टिपून घ्यायचं, गम लावायचा, जरा वाळू द्यायचा, मग मिशी ठेवून दाबून धरायची. हे सगळं चालू असताना नट आत बघून पुढचं वाक्य पुटपुटत असतो. त्याचे ओठ हलतात आणि मिशी सरकते. पहिल्या तालमीत आमची मिशी गालावर गेली होती.

पण खरी अडचण मिशीची नव्हतीच. मिशी नीट बसूनही तो म्हातारा होईना. दीड मिनिट तो घाईत होता, धापा टाकत होता, आणि तीच घाई अंगात घेऊन रंगमंचावर गेला. आमच्या दिग्दर्शकांनी त्याला थांबवून सांगितलं, "म्हातारा सावकाश चालत नाही रे. पडू नये म्हणून जपून चालतो." नुसता वेग कमी केला तर तो सोंग वाटतो. भीती कुठे आहे, गुडघ्यात की जिन्याच्या पायरीत की चपलेच्या अंगठ्यात, हे नटानं ठरवलं की चाल आपोआप येते.

आता विचार करा. हा बदल एका प्रयोगात पुन्हा पुन्हा करायचा. नुसता कपड्यांचा नाही, श्वासाचा. आतून धावत येऊन बाहेर कृष्णरावांचा थरथरता, भाबडा, जुन्या आठवणींत रमलेला आवाज लावायचा. आणि हे आज एकदा नाही, दौऱ्यावर, कधी लागोपाठच्या प्रयोगांना. पुष्कर श्रोत्रींनी नंतर हे नाटक पुन्हा केलं तेव्हाही माझं लक्ष त्या मधल्या वेळांकडेच होतं. लेखकानं नटाची सोय बघून लिहिलंय असं म्हणता येईल. मी म्हणेन नटानं लेखकाला शिकवलं, दोघं एकच असले तरी.

ओसरी

विंगेतून यांचा प्रतिसाद फार आवडला. तरी मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, कोणी राग मानू नका.

प्रभावळकरांबद्दल बोलताना आपण नेहमी 'वेष बदलला, आवाज बदलला, ओळखूच आले नाहीत' याचंच कौतुक करतो. ओळखू न येणं हा अभिनयाचा एक भाग झाला. पण मला त्यांचं सर्वांत मोठं काम जिथे ते पूर्ण ओळखू येतात तिथे वाटतं. जयवंत दळवींचं नाटक 'नातीगोती'. काटदरे. साधा नोकरदार माणूस, घरात मतिमंद मुलगा, आणि आपल्यानंतर याचं काय हा प्रश्न. स्वाती चिटणीस आई, अतुल परचुरे बच्चू. परचुरे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी बच्चूच आला.

तिथे नटाला लपायला जागा नसते. नकली दात नाहीत, विग नाही, गमतीदार आवाज नाही. बापाला मुलाचा राग येतो, त्या रागाची लाज वाटते, आणि लाज झाकायला तो पुन्हा रागावतो, एवढंच. मी बाहेर आलो तेव्हा बरोबरच्या मित्राशी स्टेशनपर्यंत एक शब्द बोललो नाही.

रातकिडा

ओसरी, राग कसला. उलट तुम्ही म्हणता त्यात मला एक वेगळीच गोष्ट दिसली. 'नातीगोती'त ते बाप. आणि पुढे १९९१ मध्ये 'चौकट राजा' चित्रपटात ते स्वतः नंदू, म्हणजे तसाच मुलगा. आई सुलभा देशपांडे. एकच दुःख त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं, आधी ज्याला मुलगा सांभाळायचाय त्याच्या बाजूनं आणि मग ज्याला सांभाळलं जातंय त्याच्या. असं दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेलं मला तरी आठवत नाही. नंदू नुसता हातवारे आणि बोबडे बोल यांचा पुतळा का झाला नाही, याचं उत्तर मला वाटतं काटदऱ्यांकडे असावं. ते घर त्यांनी रोज संध्याकाळी रंगमंचावर जगून झालं होतं.

ओसरी

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता 'चौकट राजा' पुन्हा बघतो.

कॉलटाइम

मी मालिकांच्या निर्मितीत काम करते, म्हणून टिपऱ्यांबद्दल लिहिते. इथे अजून कोणी त्यावर नीट लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ ते २००४, तेव्हाच्या अल्फा टीव्ही मराठीवर. दिग्दर्शन केदार शिंदे. मूळ प्रभावळकरांचं 'अनुदिनी' हे पुस्तक, आणि ते आधी लोकसत्तेत सदर म्हणून आलं होतं. कल्पना अशी की घरातल्या प्रत्येकाची डायरी. म्हणजे आबांच्या आधी त्यांनी शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या या सगळ्यांच्या मनातलं लिहून काढलं होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सेटवर राजन भिसे (शेखर) किंवा शुभांगी गोखले (श्यामला) बोलत असताना समोरचे आबा नुसते ऐकत नाहीत, त्यांना त्या माणसाची न बोललेली बाजूही ठाऊक आहे. आबांचं ऐकणं बघा कधीतरी आवाज बंद करून. मी नव्या मुलांना हे करायला सांगते.

दुसरं म्हणजे वेळ. ती आठवड्यातून एकदा येणारी मालिका होती. एका भागात एक गोष्ट, सुरू होऊन संपणारी. लेखकाला विचार करायला, नटाला पाठ करून तालीम करायला श्वास मिळायचा. आज डेली सोपमध्ये काय होतं ते सांगते. सकाळी सातचा कॉल, बारा-तेरा तासांची शिफ्ट, सेट मढला नाहीतर घोडबंदरला. सीन हातात येतो तो मेकअपच्या खुर्चीत. बँक संपत आलेली असते, म्हणजे पुढचे तयार एपिसोड उरलेले नसतात, त्यामुळे आज शूट झालेलं परवा दिसतं. यात नाटक करणारा नट असेल तर त्याच्या प्रयोगाच्या तारखा आम्हाला महिनाभर आधी लागतात. शनिवारी दुपारी त्याला सोडायचं, तो गाडीतच दाढी करतो आणि तिसऱ्या घंटेला कसाबसा पोचतो. हे मी प्रेमानं सांगतेय, अशी मुलं-मुली रोज बघते आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण यातून एखादा आबा टिपरे घडायला किती जागा उरते, हा प्रश्न मला सतावतो. हुशारी आजच्या नटांकडेही आहे. आठवडा नाही.

चाळकरी

@कॉलटाइम, आवाज बंद करून बघायची युक्ती आत्ताच करून पाहिली. एका भागात शिऱ्या काहीतरी थाप मारतोय आणि आबांना ती कळलीय. पण ते त्याला तसं कळू देत नाहीत. बायकोला बोलावून पुन्हा पाहिलं.

जास्वंद

मला 'साळसूद'बद्दल कोणीतरी लिहील असं वाटलं होतं. दूरदर्शनवरची ती मालिका बघून माझी आजी त्यांच्यावर खरंच चिडली होती. चिमणरावाचा चेहरा आणि असला पाताळयंत्री माणूस! गोड बोलून माणूस संपवणारा. आजीला तो फसवणुकीचा प्रकार वाटला, जणू ओळखीच्या माणसानं दगा दिला. त्यानंतर टिपरे आल्यावर पहिले काही आठवडे ती संशयानंच बघायची.

पायपेटी

सिंधुदुर्गातला आहे, म्हणून 'दशावतार'विषयी दोन शब्द. कथा फोडत नाही.

आमच्याकडे दशावतार म्हणजे जत्रेतला दहीकाला. देवळासमोर रात्री उशिरा सुरू व्हायचा, पहाटेपर्यंत चालायचा. पायपेटी, मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नसते. मंडळी आख्यान ठरवतात, कोण कोणती भूमिका करणार ते ठरतं, आणि मग राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून आपापल्या बुद्धीनं बोलतात. पुराण तोंडपाठ नसेल तर तिथेच उघडे पडतात. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. आणि रंगभूषा ज्याची त्यानं करायची. छोटा आरसा आपल्या पेटाऱ्याच्या झाकणाला टेकवून, कमी उजेडात, शेजारच्याशी गप्पा मारत. माझे एक नातेवाईक पन्नास वर्षं मंडळात होते. दिवसा शेती, रात्री राजा. शेवटी शेवटी त्यांचा हात कापायचा, पण भुवईची रेघ काढताना कापायचा नाही. आम्ही मुलं मुद्दाम बघत बसायचो. रेघ संपली, ब्रश खाली ठेवला, की हात पुन्हा कापायला लागायचा.

विंगेतून यांनी लिहिलेलं दीड मिनिट वाचलं आणि मला तो हात आठवला. चित्रपटात प्रभावळकरांना बाबुली मेस्त्री म्हणून बघताना मी कथेपेक्षा त्यांचे हातच बघत होतो. शहरातला, विज्ञान शिकलेला, नोकरी करता करता नट झालेला माणूस, आणि आमच्या मंडळातला वाटला. मालवणी बोलण्यात कुठे खटकलं का असं लोक मला विचारतात. बोलण्याचं राहू दे. तो माणूस देवळाच्या पायरीवर बसला की पायरी त्याची वाटते. ते शिकवून येत नाही.

विंगेतून

पायपेटी, तुमचे हे नातेवाईक म्हणजे एक अख्खी कार्यशाळा आहे. त्यांच्याबद्दल वेगळा धागा काढाच.

ओसरी

मगाशी जे लिहिलं त्यात थोडी भर. मी 'लपायला जागा नाही' म्हणालो होतो. पायपेटींचं वाचल्यावर वाटतंय की वेषाला मी फार स्वस्तात मोजलं. दशावतारी माणूस रंग लावून लपत नसतो, तो रंग लावल्यावरच पूर्ण दिसतो. कदाचित प्रभावळकरांचंही तसंच असेल. 'मुन्नाभाई'तले गांधीजी घ्या. सगळ्यांना पाठ असलेला चेहरा, जरा चुकलं तर फॅन्सी ड्रेस. त्यांनी गांधीजी शांत ठेवले. त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सहाय्यक अभिनेता म्हणून. पण काटदऱ्यांचा क्रमांक मी खाली आणणार नाही, एवढं सांगून ठेवतो.

जास्वंद

'वा गुरु!' हे नाटक कोणी पाहिलं आहे का? आजारानं शरीर एकेक करून साथ सोडतंय असे प्राध्यापक, आणि त्यांना भेटायला येणारा जुना विद्यार्थी. मी ते वडिलांच्या आजारपणानंतर पाहिलं. प्रभावळकर तेव्हा सत्तरीच्या आसपास. चालणं नाही, हातवारे जवळजवळ नाहीत, म्हणजे विंगेतून यांनी सांगितलेली सगळी हत्यारं काढून घेतलेली. उरतो आवाज आणि डोळे. वडील शेवटच्या महिन्यात पाणी मागायच्या आधी ज्या तऱ्हेनं ग्लासकडे बघायचे, तसं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत होतं. मला मध्यंतरात चहा घ्यायला उठवेना.

रातकिडा

सगळ्यांचे आभार. धागा काढला तेव्हा इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल कॉलटाइम यांच्या सांगण्याप्रमाणे आईला टिपऱ्यांचा एक भाग लावून दिला आणि काही न सांगता आवाज बंद केला. तिनं तक्रार केली नाही, बघत राहिली. भाग संपल्यावर मी पुन्हा विचारलं, "आता पटलं का, चिमणराव आणि हे एकच?"

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चिमणराव असता तर एव्हाना गुंड्याभाऊला हाक मारली असती."

आणि उठून देवापाशी दिवा लावायला गेली.